काट्याची साक्ष

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

विल्यम लॅम्बटन या माणसाचे चरित्र सांगण्यासाठी मी लेखणी हाती घेतली आहे. पण त्याच्याकडे मी वळले ती पुस्तकातून नव्हे, तर घाटकोपरच्या एका गॅरेजमधून. म्हणून आधी थोडे घरचे सांगणे भाग आहे.

माझे बाबा बावीस वर्षे ड्रायव्हर आहेत. आम्ही भटवाडीत राहतो आणि बाबा एका शेठजींची गाडी चालवतात. गाडी जुनी, केबलवर चालणाऱ्या मीटरची; पण शेठजींचा तिच्यावर जीव आहे. गेल्या वर्षी त्यांनी हौसेने तिला रुंद टायर बसवून घेतले. त्यानंतर महिन्याभरातच पूर्व द्रुतगती महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचे चलन आले. बाबांचे म्हणणे, काटा मर्यादेच्या पुढे गेलाच नव्हता. शेठजींचे म्हणणे, ड्रायव्हर असेच सांगतात. दंडाची रक्कम पगारातून कापली गेली. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या रात्री बाबा नीट जेवले नाहीत. बावीस वर्षांत त्यांना कोणी खोटे ठरवले नव्हते.

लाल बहादूर शास्त्री मार्गाजवळ, म्हणजे जुन्या आग्रा रोडजवळ, बाबांच्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि बाबांचीही बाजू घेतली नाही, शेठजींचीही नाही. काटा खरा की खोटा हे काट्याला विचारून कळत नाही, दुसऱ्या मापाला विचारावे लागते, असे त्यांचे मत पडले. शेठजींची परवानगी काढून एका रविवारी पहाटे आम्ही मुलुंडचा नाका ओलांडून नाशिकच्या रस्त्याला लागलो. बाबांनी काटा बरोबर ६० वर धरायचा, मेस्त्रीकाकांनी किलोमीटरचे दगड पाहायचे आणि मी घड्याळ धरायचे, अशी वाटणी झाली. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. म्हणजे ५ दगडांचे अंतर ३०० सेकंदांत तुटायला हवे. ते तुटले २८० सेकंदांत. म्हणजे काटा ६० दाखवीत असता गाडी ६४ ने धावत होती. येताना १० किलोमीटरचे दगड मोजले, तेव्हा मीटरमधले अंतराचे आकडे मात्र साडेनऊच सरकले होते.

या दोन आकड्यांवरून मेस्त्रीकाकांनी दोन वेगळे दोष काढले. अंतराचे आकडे दातेरी चाकांवर फिरतात; त्यांत चूक आली तर ती चाकाच्या घेराचीच असते. जुना टायर एका फेऱ्यात सुमारे १९४ सेंटिमीटर जाई, नवा जातो सुमारे २०४. मीटर बिचारा फेरेच मोजतो. फेरा मोठा झाल्याचे त्याला कोण सांगणार? उरलेली चूक काट्याची. काट्यामागे एक लोहचुंबक केबलबरोबर फिरतो, तो ॲल्युमिनियमच्या एका वाटीला आपल्याबरोबर ओढू पाहतो आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तिथे काटा थांबतो. चुंबक म्हातारा झाला की ओढ कमी पडते आणि काटा मागे राहतो.

हे सारे चालू असताना मला वर्गातला एक तास आठवला. भारताच्या सर्वेक्षणाचा धडा शिकवताना सरांनी लॅम्बटनचे नाव घेतले होते. रोज मोजण्याआधी मोजपट्टीच मोजणारा माणूस, एवढेच माझ्या वहीत उतरले होते. शिवाय त्याचे थडगे हिंगणघाटला आहे, आणि हिंगणघाट हे माझ्या आईचे माहेर. सोमवारी ग्रंथालयात गेले आणि मिळेल ते वाचून काढले.

विल्यम लॅम्बटन १७५३ च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थॲलर्टन गावाजवळ जन्मला. घरची परिस्थिती बेताची. पण गणितात गती होती, म्हणून गावच्या शाळेत शिकायला मिळाले. १७८१ मध्ये तो पायदळात अगदी खालच्या दर्जाचा अधिकारी झाला आणि अमेरिकेतल्या युद्धावर गेला. त्याच वर्षी यॉर्कटाउनला इंग्रजांची शरणागती झाली व लॅम्बटन कैदेत पडला. सुटल्यावर तो कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक भागात राहिला. तेथे जमिनींची व सरहद्दीची मोजणी केली आणि मग सैनिकी बराकींचा व्यवस्थापक म्हणून वर्षामागून वर्षे काढली. याच काळात सूर्यग्रहण पाहताना पुरेशी काळजी न घेतल्याने त्याचा डावा डोळा अधू झाला. ज्या माणसाने पुढे आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावून देश मोजला, त्याला एकच डोळा कामाचा होता हे ध्यानात ठेवावे.

बराकीच्या त्या एकाकी नोकरीत तो गणित आणि भूमिती वाचीत राहिला. बढती नाही, पैसा नाही, नाव नाही. आपल्यापैकी कितीजण अशा नोकरीत तेरा वर्षे पुस्तक उघडून बसतील? मी स्वतःला विचारले, तेव्हा उत्तर काही अभिमानाचे आले नाही.

१७९६ च्या सुमारास तो आपल्या ३३ व्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. तेव्हा त्याचे वय चाळिशीच्या पुढे होते. या पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या स्वारीत एका रात्री फौजेची एक तुकडी अंधारात चालली होती. लॅम्बटनने आकाशातील तारे पाहिले आणि सेनापती बेअर्डला सांगितले की आपण उत्तरेला नव्हे, दक्षिणेला, म्हणजे शत्रूच्याच छावणीकडे चाललो आहोत. सेनापतीला ते पटले नाही. होकायंत्र आणून पाहिल्यावर लॅम्बटनचेच खरे ठरले. दिशा ही अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही, हा धडा त्या रात्री साऱ्या तुकडीला मिळाला.

टिपूचा पाडाव झाला आणि म्हैसूरचा मोठा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला. त्याचा नकाशा हवा होता. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे काम कंपनी सरकारने आपल्यावर राज्य करण्यासाठी आणि आपल्याकडून सारा वसूल करण्यासाठी काढले होते. मोजलेला देश ताब्यात ठेवणे सोपे जाते. लॅम्बटन त्याच सरकारचा चाकर होता. पण त्याच्या मनात याहून मोठा प्रश्न होता. पृथ्वी नेमकी केवढी आणि तिचा गोल किती चपटा, हे विषुववृत्ताजवळच्या या देशात मोजून पाहावे, ही त्याची आकांक्षा होती.

त्या काळी रस्त्याने अंतर मोजण्यासाठी पेरँब्युलेटर नावाचे यंत्र वापरीत. एका दांडीला मोठे चाक, आणि चाकाचे फेरे मोजणारी तबकडी. माणूस ते ढकलीत चाले आणि तबकडीवर अंतर उमटे. हे वाचले आणि मला हसू आले. आमच्या गाडीतला मीटर म्हणजे हेच यंत्र की! आणि त्याचा दोषही तोच. चाक खड्ड्यात उतरले, रस्ता वळला, घेर झिजला, तरी तबकडी आपली मोजतच राहते. एका मैलात चूक लहान दिसते, शंभर मैलांत ती साचते. लॅम्बटनचा मार्ग वेगळा होता. जमिनीवर एकच रेषा पराकाष्ठेच्या काळजीने मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन घ्यायचे, आणि त्रिकोणाच्या गणिताने बाकीच्या बाजू काढायच्या. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्याच्यावर तिसरा. हीच ती त्रिकोणमितीय मोजणी.

मद्रास सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या समितीतील एका सभासदाला हा सारा खर्च वायफळ वाटला. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगावे, ते बरोबर नेतात, नकाशा कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. तरी मंजुरी मिळाली. उपकरणांची कथाही मजेची आहे. पोलादाची मोजसाखळी मुळात चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी इंग्लंडहून निघाली होती. बादशहाने ती नाकारली, ती कलकत्त्याला आली आणि तेथून लॅम्बटनच्या हाती पडली. अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, लंडनच्या विल्यम कॅरी या कारागिराने घडवले. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. दोन्ही देशांचे वैर असताही, हे शास्त्राचे साधन आहे असे पाहून फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी आधाररेषा मोजायला सुरुवात झाली. रेषेची लांबी सुमारे साडेसात मैल. साखळी १०० फुटांची, अडीच फुटांच्या ४० पोलादी कांड्या जोडून केलेली. म्हणजे जवळजवळ ४०० वेळा ती उचलून पुढे मांडायची. ती जमिनीवर टाकीत नसत. तिवयांवर लाकडी खोकी सरळ रेषेत मांडून त्यांत ती ताणून ठेवीत आणि जवळ उष्णतामापके असत.

उष्णतामापके कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. गणित मांडून पाहिले. पोलाद तापले की वाढते. १०० फुटांची साखळी २० अंश सेल्सिअसने तापली तर जेमतेम ७ मिलीमीटरने लांब होते. एका साखळीत ७ मिलीमीटर म्हणजे काहीच नाही. पण ४०० साखळ्यांत ते सुमारे ९ फूट होतात. आणि आधाररेषेत जी चूक शिरेल, ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरणार. मद्रासच्या एप्रिलच्या उन्हात सकाळची साखळी आणि दुपारची साखळी ही एक साखळी नव्हेच! म्हणून लॅम्बटन तापमान टिपून दुरुस्ती करी. शिवाय त्याच्यापाशी आणखी एक तशीच साखळी होती. ती मोजायला वापरीत नसत. ती फक्त पहिलीशी ताडून पाहण्यासाठी होती. राबणारी साखळी ओढताणीने वाढली का, हे न राबणाऱ्या साखळीला विचारायचे. बाबांच्या काट्याला किलोमीटरच्या दगडांनी जे केले, तेच हे.

त्याने यावरही विश्वास ठेवला नाही. मद्रासपासून त्रिकोण जोडीत तो बंगलोरपर्यंत गेला. तेथे १८०४ मध्ये दुसरी आधाररेषा प्रत्यक्ष साखळीने मोजवली आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहिली. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास मध्ये असताना सात मैलांच्या रेषेत फरक आला चार इंचांपेक्षा कमी. पुढे त्रिकोणांची ही साखळी पश्चिम किनाऱ्याला मंगळूरपर्यंत पोचली, तेव्हा कळले की द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांत ४०० मैल धरली होती, ती प्रत्यक्षात ३६० च भरते. चाळीस मैल जमीन मुळात नव्हतीच. ती चुकीच्या मापांनी निर्माण केली होती.

१८०८ मध्ये लॅम्बटनची खरी परीक्षा झाली. तंजावरच्या सपाट भातखाचरांत उंच टेकडी नाही, म्हणून थिओडोलाइट दोरांनी तेथल्या मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवीत होते. दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटले. ज्या वर्तुळावर अंशांच्या रेघा कोरलेल्या, तेच पिचले. दुसरा असता तर त्याने दोर बांधणाऱ्यांना दोष दिला असता, किंवा वाकलेल्या वर्तुळावरच काम रेटले असते. लॅम्बटनने दोष स्वतःवर घेतला, स्वतःच्या पैशाने इंग्लंडहून नवे यंत्र मागवले, आणि ते येईपर्यंत हातावर हात ठेवून न बसता तो मोडके यंत्र घेऊन तंबूत शिरला. सहा आठवडे त्याने पाचरींनी, मळसूत्रांनी आणि लाकडी हातोड्याने वर्तुळ केसाकेसाने मूळच्या आकारावर आणले. ते यंत्र त्यानंतर अनेक वर्षे कामी आले.

पुढची पंधरा वर्षे त्याची वाट उत्तरेकडे होती. कन्याकुमारीजवळून निघून ७८ व्या रेखांशाच्या आसपास त्रिकोणांची माळ वर सरकत राहिली. मोजणीला हवा स्वच्छ लागते, ती पावसाळ्यानंतर मिळते. आणि तापाची साथही नेमकी तेव्हाच. खलाशी, मदतनीस, अधिकारी आजारी पडत, काही मरत. त्याच्या हाताखाली मद्रासच्या सर्वेक्षण-शाळेत शिकलेली पोरे होती. त्यांच्याबरोबरच त्याचे आयुष्य गेले. १८१७ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद झाला. १८१८ मध्ये या कामाला हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी असे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण त्याचा साहाय्यक म्हणून आला. एव्हरेस्टने लिहून ठेवले आहे की एरवी थकलेला हा म्हातारा थिओडोलाइट जुळवायला उठला की त्याच्या अंगात तरुणाचे बळ येई.

सत्तरीच्या घरातला, खोकल्याने जर्जर झालेला लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाला असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारला. मोजणी तेव्हा वऱ्हाडापर्यंत, म्हणजे सुमारे १३ अंश अक्षांश इतकी आली होती. उरलेले काम एव्हरेस्टने १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी नेले. त्याने गुरूच्या साखळ्याही तशाच स्वीकारल्या नाहीत. त्या बाजूला ठेवून, तापमान बदलले तरी लांबी कायम राहील अशा दोन धातूंच्या जोडपट्ट्या आणल्या आणि काही भाग पुन्हा मोजला. मला वाटते, लॅम्बटनला याचा राग आला नसता. १८६५ मध्ये जगातील सर्वोच्च शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाटचे थडगे आले. २०२३ मध्ये त्याच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली.

आता पुन्हा गॅरेजकडे वळते. शेठजींनी जुन्या मापाचे टायर बसवायला होकार दिला. मेस्त्रीकाकांनी मीटर काढून मीटरवाल्याकडे नेला, तेव्हा मीही गेले. डायलवर बारीक अक्षरांत एक आकडा असतो: एका किलोमीटरला केबलचे किती फेरे. ताशी ६० च्या वेगाला किलोमीटर मिनिटात तुटतो. म्हणजे तो आकडा आहे तेवढेच फेरे मिनिटात दिले की काटा ६० वर उभा राहिला पाहिजे. मीटरवाल्याने चुंबकाला पुन्हा बळ दिले, मोटरवर फेरे दिले, काटा उचलून नेमका बसवला आणि मग ३० ला, ८० ला तोच ताळा पाहिला. त्याने काटा मुद्दाम किंचित पुढे ठेवला. त्याचे कारण विचारले तेव्हा कळले की नियमच तसा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार वेगदर्शकाने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नाही. जास्त दाखवले तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर एवढीच सूट. चूक झालीच तर ती माणसाला सावध करणारी व्हावी, बेसावध करणारी नको, असा त्यामागचा विचार.

बाबांनी आमच्या मोजणीचा कागद शेठजींना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पुढच्या पगारात कापलेली रक्कम परत आली. मला वाटले होते, बाबा आनंदाने घरभर सांगतील. तसे झाले नाही. ते म्हणाले की शेठजी चुकले हे खरे, पण कॅमेरा चुकला नव्हता. गाडी जास्त वेगाने धावत होती आणि चाकावर हात माझा होता. मी खोटे बोललो नाही, पण काट्याला न तपासता साक्षीला उभे केले, हा माझाही दोष आहे.

बाबांना लॅम्बटन ठाऊक नव्हता. त्या रात्री मी त्यांना तंजावरच्या तुटलेल्या दोराची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, तो माणूस शेवटी कुठे गेला. हिंगणघाटला, असे सांगताच स्वयंपाकघरातून आई बाहेर आली.

दिवाळीच्या सुट्टीत आजीकडे जाणार आहोत. तेव्हा ते थडगे शोधायचे ठरले आहे. आता बाबा महिन्यातून एकदा पाच दगडांमध्ये काटा ताडून पाहतात आणि सेकंदांचा आकडा एका छोट्या वहीत टिपून ठेवतात.